बारा नंबरच्या सुया

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना लोकरीचे माहात्म्य निराळे सांगावे लागत नाही. लष्करातल्या आमच्या घरी दिवाळी आटोपली की गच्चीवर सतरंजी पडे आणि आई, काकू, शेजारच्या मावशी उन्हाला पाठ देऊन विणायला बसत. आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीची लडी करून कोमट पाण्यात बुडवायची, म्हणजे धाग्याचे वळसे सुटतात. आणि त्यातूनच धाकट्याचा नवा स्वेटर. एकच लोकर तीन भावंडांच्या अंगावरून फिरलेली मी पाहिली आहे. मला मात्र शिकायचे होते, नोकरी करायची होती. सुया हाती घेणे म्हणजे त्या सतरंजीवर कायमचे बसणे, असे मनाने घेतले होते.

माझी ओढ नानकटाईकडे, आणि तीही भट्टीवर नेण्यापुरती. आई परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसत असे. पांढरेशुभ्र झाले की बोटभर गोळा पाण्यात टाकून पाही. तरंगला तरच मैदा, थोडे बेसन आणि वेलची. मग पत्रे घेऊन आम्ही मुले बेकरीत. पाव निघाल्यावर भट्टी निवत आलेली असे आणि ती मंद आचच नानकटाईला मानवते. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून घराघराची खूण ठरलेली असे. आमची चारोळी.

पुढे मी राज्य शासनाच्या सेवेत अधिकारी झाले. १९९८ च्या डिसेंबरात माझ्या शाखेतील एक लिपिक बाई टेबलाच्या खणाआड विणताना मला दिसल्या. समोर फाइल उघडी, शेजारची सहकारी आकडे वाचून दाखवते आहे, या मान डोलावताहेत आणि सुया चालूच. मी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. ‘कर्तव्य के प्रति उदासीनता’ हा शासकीय हिंदीतला मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. त्यात काहीही बसते. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते : भविष्य में ऐसा नहीं होगा. आकडे चुकले होते का, हे मी तपासले नाही. त्या ऑर्डरीचे स्वेटर विणून मुलाची फी भरत, हे मला त्यांची बदली झाल्यावर कळले.

२०२० साली मी निवृत्त झाले. घराबाहेर पडण्याची सोय नव्हती आणि पुण्याच्या नातीला टोपी हवी होती. बासष्टाव्या वर्षी मी प्रथम सुयांवर टाके घातले. ऐंशी घातले तर मोजताना अठ्ठ्याहत्तर भरत, दुसऱ्यांदा मोजावे तर एक्क्याऐंशी. महिन्याभराने सुलट-उलट हाताच्या अंगवळणी पडले आणि एका संध्याकाळी ध्यानात आले, की रेडिओवरच्या बातम्या मी शब्दन् शब्द ऐकल्या आहेत आणि चार बोटे वीणही झाली आहे. हात गुंतले म्हणून लक्ष गुंतत नाही. सुई तशीच धरून मी बराच वेळ बसून राहिले.

२०२२ च्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले, तर रांगेत त्या बाई. केस पूर्ण पांढरे. त्यांनीच ओळखले आणि मुरारचा पत्ता देऊन घरी बोलावले. जाताना डब्यात नानकटाई नेली. आता भट्टी नाही, घरचाच ओव्हन; पण तूप हातानेच फेसले, चारोळीही लावली. काय बोलायचे ते रिक्षात तीनदा घोकले होते.

बोलता आले नाही. त्यांनी नानकटाई खाल्ली, चहा दिला, आणि पिशवीतून डोकावणारी नातीची दुसरी टोपी बाहेर काढून उजेडात धरली.

“मॅडम, बॉर्डर भी दस नंबर से बुनी है?”

मी होय म्हटले.

“इसीलिए ढीली है. बारह नंबर लेनी थी.”

मग, “उधेड़ दूँ?”

मी मान हलवली. बाईंनी सुई ओढून काढली आणि धागा गुंडाळू लागल्या. सगळी टोपी उसवून होईपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. त्यांनी आतल्या खोलीतून बारा नंबरच्या सुया आणल्या, टाके घातले आणि सुया माझ्या हाती देऊन म्हणाल्या, “अब आप.”