तारेखालचा दोरा

आत्याचा तंबोरा कित्येक वर्षं कपाटाशेजारी गवसणीत उभा होता. लागायचा, पण बोलायचा नाही. शेवटी एका शनिवारी त्याला कोल्हापूरहून सुटणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी टेकवला आणि मिरजेला नेला. संध्याकाळी तिथंच संगीताच्या इतिहासावर व्याख्यान होतं. एका तिकिटात दोन कामं.

सतारमेकर गल्लीतल्या त्या दुकानात वर पंढरपूरकडून आलेले कडू भोपळे टांगलेले, खाली भुसा. दुकानातल्या कारागीर चाचांनी चारी तारांवरून एकदा बोट फिरवलं. "जवारी गेलीय." आत्या इतकी वर्षं दमट हवेला दोष देत होती.

जवारी म्हणजे तसं पाहिलं तर फार थोडं काही. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी पुसट उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, घासते, आणि त्यातून तो झंकार उठतो ज्यात एका स्वराच्या पोटातले बाकीचे स्वर ऐकू येतात. वर्षानुवर्षं तार घासून त्या माथ्यावर चर पडते, मग आवाज मुका होतो. चाचा कानस एकदोनदाच फिरवत, तार चढवून ऐकत, पुन्हा उतरवत. तासभर हेच. मोजायला काही नव्हतं. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी खर्ज एकदम उघडला. मला उगाच भरून आलं. चहा मागवून वेळ निभावली.

गल्लीतल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार. हत्यारांना धार लावणारे. संस्थानी तलवारींचं काम आटत गेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली. धार लावणारा हात घोडीवर आला, यात मला नवल वाटत नाही. केसभर कमी-जास्त कळायला तोच हात हवा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांना त्याविषयी विचारलं तर म्हणाले, "कागद आलाय. पोरं येऊ देत."

दुपारी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेब इथंच विसावलेत. 1937 मध्ये दक्षिणेत, प्रवासात, सिंगपेरुमल कोइलच्या छोट्या स्टेशनवर ते गेले. अस्वस्थ वाटताच गाडीतून उतरले, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारीत प्रार्थना गायली, असं सांगतात. त्या फलाटावर तंबोरा होता, हे मी याआधी कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

व्याख्यान रंगलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांच्याकडे मिरजेत शिकून 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर. मग 1902 चं कलकत्ता, ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यात तोंड घालून गाणारी गौहरजान. गाणं संपता संपता ती स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारते, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि कोण गातंय हे तिथल्या माणसाला कळायला हवं. सभागृह हसलं. मी मात्र त्या कर्ण्याच्या बाहेर राहिलेल्यांचा विचार करत होतो. तंबोऱ्याचा बारीक झंकार त्या काळच्या यंत्राला जेमतेमच पकडता यायचा. आणि वक्त्यांच्या दीड तासात, तेही मिरजेत, वाद्यं करणाऱ्यांचं नाव एकदाही आलं नाही. घराणं म्हटलं की गळ्याचंच, हे आपण केव्हा ठरवलं कोण जाणे.

मधेमधे एक शिष्या मंचावर तंबोरा छेडून उदाहरणं गात होती.

बाहेर पडताना शेवटच्या रांगेत चाचा दिसले, इस्त्रीचा सदरा घालून. "कसं वाटलं?" मी विचारलं.

"बोलले झकास," ते चपला शोधत म्हणाले. "खर्जाचा दोरा तेवढा सरकला होता. सुरुवातीपासनंच."