उत्तरेच्या देशी जावे कोणत्या ऋतूत?

प्रवासाला कोठे जावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. केव्हा जावे असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ‘सवडीप्रमाणे’ एवढेच येते. वघईजवळचा गिरा धबधबा ज्याने श्रावणात पाहिला आणि ज्याने वैशाखात पाहिला, ते दोघे एकाच स्थळाविषयी बोलत आहेत हे त्रयस्थाला पटायचे नाही. एकाने अंबिकेचा गढूळ, गर्जणारा लोंढा पाहिलेला असतो, दुसऱ्याने नुसता तापलेला कातळ. पहाटे निघून रात्री कडोदऱ्याला परतण्याजोग्या ठिकाणी काळाची निवड चुकली तर फार बिघडत नाही, पुन्हा जाता येते. परंतु भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून आयुष्यात एकदाच ज्या देशाला जायचे, तेथे ऋतू चुकला तर तो देश कायमचा चुकला.

आमच्या मनात नॉर्वे शिरला तो लोकमान्यांमुळे. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा त्यांचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातील उषेची सूक्ते वाचताना त्यांना असे जाणवले, की ही पहाट आपल्याकडची घटकाभराची पहाट नव्हे. ती दिवसच्या दिवस रेंगाळणारी ध्रुवप्रदेशातली पहाट असली पाहिजे. आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते हा त्यांचा सिद्धान्त विद्वानांनी आज मागे टाकला आहे. तथापि, सूर्य न मावळणाऱ्या आणि न उगवणाऱ्या त्या प्रदेशाचे जे कुतूहल त्या ग्रंथाने लावले, ते विद्यार्थिदशेपासून आमच्या मनातून गेले नाही.

आता केव्हा जायचे? सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला (इकडे त्याला ‘आचार्य’ असे भारदस्त नाव आहे, सुट्ट्या मात्र तेवढ्याच) दोनच दारे उघडी: दिवाळीचे तीन आठवडे आणि मे-जूनमधले सुमारे पाच आठवडे. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक पाहून जून महिना ठरविला होता. पत्रकाच्या एकाच पानावर मध्यरात्रीचा सूर्य आणि हिरव्या झोतांचा ध्रुवीय प्रकाश, अशी दोन्ही चित्रे छापलेली. बिचारी मंडळी तेथे चार रात्री आकाशाकडे डोळे लावून बसली. ज्या आकाशात अंधारच होत नाही तेथे ध्रुवीय प्रकाश दिसावा कसा? तो पाहायचा तर सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर. आणि ट्रुम्सो या उत्तरेकडील शहरी मध्यरात्रीचा सूर्य २० मेच्या सुमारास सुरू होऊन २२ जुलैच्या सुमारास संपतो. म्हणजे ही निवड ऋतूंची नसून प्रकाश आणि अंधार यांतली आहे. दोन्ही एका तिकिटात मिळत नाहीत.

अंधाराचा विचार आम्ही केला नाही असे नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत तिकडे पाऊस आणि ढग फार. ट्रुम्सोला ऑक्टोबर हा वर्षातला सर्वांत ओला महिना, आणि दक्षिणेकडील बर्गन शहर तर पावसासाठीच प्रसिद्ध आहे. वर्षाकाठी तेथे २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण आपला पाऊस चार महिन्यांत आपले काम उरकून जातो, तो बारा महिने चिकटून राहतो. आकाश त्यातल्या त्यात मोकळे आणि रात्र पुरेशी काळी असा महिना मार्च. त्या वेळी आम्ही परीक्षाकेंद्रात उत्तरपत्रिका मोजत असतो.

तेव्हा मे महिना ठरला. जुलै-ऑगस्टच्या मानाने गर्दी कमी, भाडी उतरलेली. खुद्द नॉर्वेकर जुलैत सामुदायिक सुट्टी घेतात आणि सारा देश बाहेर पडतो, तो काळ टळला. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सरकारी सेवकाला त्याआधी खात्याचे ना-हरकत पत्र मिळवावे लागते, हे व्यवसायबंधूंनी ध्यानात ठेवावे.

१७ मे रोजी आम्ही ऑस्लोत होतो. १८१४ साली याच दिवशी एड्सवोल येथे नॉर्वेची राज्यघटना संमत झाली, म्हणून हा त्यांचा राष्ट्रीय दिन. आमच्या डोळ्यांपुढे रणगाडे आणि पलटणी होत्या. पाहतो तो मुख्य रस्त्यावरून शाळांमागून शाळा चालल्या आहेत! प्रत्येक शाळेचा आपला ध्वज, आपले वाद्यवृंद. राजवाड्याच्या सज्जात राजा-राणी उभे राहून पोरांना हात हलवून प्रतिसाद देत आहेत. तीस वर्षे प्रभातफेऱ्या काढणाऱ्या आमच्यासारख्याला याहून वेगळे प्रेक्षणीय स्थळ नको होते.

पुढे बर्गनची रेल्वे. १९०९ साली पूर्ण झालेला हा मार्ग १२२२ मीटर उंचीवरील फिन्से स्थानकावरून जातो. ऑस्लोत झाडांना पालवी, फिन्सेला खिडकीच्या दोन्ही अंगांना शुभ्र बर्फ, आणि उतरून हार्डांगर खोऱ्यात यावे तो सफरचंदांच्या बागा फुलांनी लवलेल्या. नुर्हाइमसुंद गावाजवळच्या स्टाइन्सडाल्सफॉसेन धबधब्याच्या मागून पायवाट जाते. पाण्याचा पडदा समोर कोसळत असताना आपण कोरडेच्या कोरडे. तेथे उभे असता आम्हांला गिऱ्याचे कोडे उलगडले. आपला धबधबा ढगांवर जगतो, म्हणून श्रावणात भरतो. त्यांचा धबधबा उन्हावर जगतो. वैशाख-ज्येष्ठाचे ऊन डोंगरावरचे बर्फ वितळविते, म्हणून मे-जूनमध्येच तो सर्वांत मोठा असतो.

मे महिन्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. उंचावरच्या कित्येक पायवाटा बर्फाखाली असतात, काही घाटरस्ते उघडलेले नसतात. डोंगर चढण्याची हौस असलेल्या तरुणांनी जुलै-ऑगस्ट धरावा आणि खर्च सोसावा.

ट्रुम्सोला आमच्या कुटुंबापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला: दिवेलागणीची वेळ कोणती? रात्री बारा वाजता समोरच्या डोंगरावर कोवळे पिवळे ऊन. अखेर घड्याळात कडोदऱ्याचे सात वाजले की त्या हात जोडीत. खिडक्यांना जाड काळे पडदे होते, तरी झोप येईना. पण ती अडचण म्हणावी असे कोणालाच वाटले नाही. लोकमान्यांची रेंगाळणारी पहाट मात्र आम्हांला दिसली नाही. जेथे सूर्य मावळतच नाही तेथे उषा कोठून येणार?

ती पाहायची तर जानेवारी. ट्रुम्सोचा सूर्य २७ नोव्हेंबरच्या सुमारास जो दिसेनासा होतो, तो जानेवारीच्या मध्यानंतरच पुन्हा वर येतो. डोंगराआडून शहराला त्याचे दर्शन २१ जानेवारीच्या सुमारास घडते. त्या दिवशी शाळांतली मुले ‘सूर्याचे पाव’ म्हणून गोड पाव खातात. आपल्याकडे संक्रांतीचा तिळगूळ संपून आठवडाही लोटलेला नसतो, सुरतेच्या गच्च्यांवर उत्तरायणाचे तुटके मांजे लोंबत असतात. शाळेचे बंधन नसलेल्यांनी, सेवानिवृत्तांनी, या दिवसांचा अवश्य विचार करावा. आमच्या निवृत्तीला अजून तीन वर्षे आहेत. लोकरी कपड्यांची पेटी आमच्या कुटुंबाने तूर्त माळ्यावर चढवू दिलेली नाही.