मुक्काम मिरजगाव

अहिल्यानगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गावर, कर्जत तालुक्यात मिरजगाव लागते. या भागातील अनेक व्यापारी घराण्यांची पुढची पिढी पुण्यास स्थिरावली आणि गावचे घर कुलूपबंद झाले. ते उघडते लग्नकार्याला किंवा दुःखाच्या प्रसंगी. पुढे वाळवी लागते, भिंतींना ओल येते आणि घर काढून टाकण्याची भाषा सुरू होते. त्यापूर्वी एकदा दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह चार दिवस तेथे मुक्काम करून पाहावा.

पहिल्या दिवशी जामखेड तालुक्यातील चोंडी पाहावी. 31 मे 1725 रोजी अहिल्यादेवी होळकरांचा जन्म येथे झाला. जिल्ह्याला आज त्यांचेच नाव आहे. हा फेरा अर्ध्या दिवसाचा. उरलेला वेळ घर झाडण्यास आणि शेजारीपाजारी भेटण्यास राहतो.

दुसरा दिवस नगर शहराचा. अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचा भुईकोट किल्ला चांदबीबीने मोगलांविरुद्ध लढवला. 1942 पासून पंडित नेहरू येथेच बंदिवासात होते व 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्यांनी येथे लिहिला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ असावे. तेथून आनंदधाम येथे आचार्य सम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे 1900 मध्ये जन्मलेल्या या बालकाने 1913 मध्ये दीक्षा घेतली, पुढे श्रमणसंघाचे आचार्यपद भूषविले आणि 1992 मध्ये नगर येथेच देह ठेवला. ज्या वयात आजची मुले आठवीत असतात, त्या वयात हा निर्णय झाला, हे नातवंडांना तेथेच उभे राहून सांगावे.

तिसऱ्या दिवशी कर्जतजवळील रेहेकुरी अभयारण्यात सकाळीच पोहोचावे. जेमतेम 2 चौरस किलोमीटरच्या या माळरानावर काळवीट निर्भयपणे चरतात. जीवदया पुस्तकात वाचणे वेगळे आणि ती अशी चरताना पाहणे वेगळे. पुढे भीमेकाठी सिद्धटेक आहे. अष्टविनायकांतील तेथील मंदिर अहिल्यादेवींनी बांधविले. चोंडीस सुरू झालेली कथा येथे पूर्ण होते.

या प्रवासाचे वेळापत्रक सूर्यच ठरवतो. हिवाळ्यात तो सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पहाटे निघावे, दुपारसाठी दशम्या, खाखरे व उकळलेले पाणी बरोबर घ्यावे आणि चौविहारापूर्वी घरच्या स्वयंपाकघरात परतावे. बाहेरगावच्या हॉटेलात या नियमासाठी धावपळ करावी लागते. येथे चूल आपली, वेळ आपली. प्रतिक्रमण आटोपल्यावर ओट्यावर बसले की आजी दुकानाच्या, उधारीच्या आणि दुष्काळाच्या गोष्टी सांगू लागतात. त्या पुण्यातील सदनिकेत कधी निघत नाहीत.

चार दिवसांचा खर्च मांडला तर गाडीचे इंधन आणि थोडा किराणा, इतकाच. जमेची बाजू मात्र वहीत मावणारी नाही. घर विकायचे की राखायचे, हा निर्णय त्यानंतर घरातील सर्वांनी, मुलांनाही जवळ बसवून, घ्यावा.