जुनं कार्डही लावून द्या नं

गिऱ्हाईक नवं ग्राफिक्स कार्ड घेतं, बिल होतं आणि मग पिशवीतून जुनं कार्ड बाहेर येतं. ‘भाऊ, हेपण लावून द्या नं. घरी पडूनच राहीन.’ नागपुरात बर्डीवर असेंब्लीच्या धंद्यात असलेल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. मागणीही वावगी नाही. जुन्याला भाव येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर तर सेकंडहँड कार्डं एवढी बाजारात आली, की धडधाकट कार्डाकडेही लोक संशयानं पाहू लागले. त्यापेक्षा आपल्याच कॅबिनेटात स्लॉट रिकामा आहे, तिथे बसवलं तर काय बिघडलं?

‘बसवून देतो,’ मी म्हणतो. ‘पण त्याला काम काय देणार?’

इथे बहुतेकांची गाडी अडते. डोक्यात बेरीज असते. नवं १२ जीबीचं, जुनं ६ जीबीचं, झाले १८, आणि गेम आता दीडपट पळणार. गेमला यातलं काहीच कळत नाही. तो एक कार्ड धरतो आणि दुसरं नुसतं वीज खात बसतं.

ही बेरीज लोकांच्या डोक्यात उगाच शिरलेली नाही. १९९८ साली थ्रीडीएफएक्सची दोन व्हूडू-२ कार्डं जोडली की एक कार्ड चित्रातल्या सम ओळी काढायचं, दुसरं विषम. २००४ मध्ये एनव्हिडियानं एसएलआय आणलं, पुढच्या वर्षी एटीआयनं क्रॉसफायर. साधारण रीत अशी की एक फ्रेम या कार्डानं काढायची, पुढची त्या कार्डानं. पण ही बैलजोडी होती, आणि थोराड बैलासोबत गोऱ्हा एका जुवाला जुंपला की चाल कुणाची राहते हे पोळ्याला जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून एसएलआयला दोन्हीकडे एकच चिप लागायची. क्रॉसफायर एकाच घराण्यातली उन्नीस-बीस कार्डं चालवून घ्यायचं. पुढे तेही मागे पडलं, आणि २०२१ पासून एनव्हिडियानं एसएलआयसाठी नवीन प्रोफाइल देणंच बंद केलं. मधे २०१५ ला डायरेक्टएक्स १२ नं गेम बनवणाऱ्यांना वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डंसुद्धा एकत्र राबवायची सोय दिली. ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’मध्ये एक एएमडीचं आणि एक एनव्हिडियाचं कार्ड खरोखर मिळून चित्र काढायचं. पण ती सगळी मेहनत गेमवाल्यांच्या माथी होती, आणि दोन कार्डंवाली मूठभर गिऱ्हाइकं सोडली तर तिचा कुणाला उपयोग नव्हता. बाकीच्यांनी हात झटकले.

तेव्हा गेमसाठी असेल तर मी सरळ नाही म्हणतो. एक पळवाट आहे. ‘लॉसलेस स्केलिंग’ नावाचा प्रोग्रॅम मधल्या फ्रेम तयार करायचं काम जुन्या कार्डाकडे देऊ शकतो. त्यासाठी मॉनिटरची केबल जुन्या कार्डाला लावायची, हे ऐकून माणूस आपल्याकडे वेड्यासारखं पाहतो. हौशी मंडळींनी जरूर करून पाहावं.

खरी मजा आहे ती कामं वाटून देण्यात. शेअर ट्रेडिंगवाल्याला पाच-सहा स्क्रीन लागतात. त्याला वेग नको, आउटपुट हवेत. त्याच्यासाठी दोन भिन्न कार्डं हा अगदी सोपा, स्वस्त उपाय आहे. लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्याला मात्र आधी विचारावं लागतं, की दाविंची रिझॉल्व्ह फुकटातलं वापरता की विकतचं? विंडोजवर फुकटातलं एकाच कार्डावर चालतं. ब्लेंडरवाल्या पोरांचं बरं जमतं, कारण सायकल्सच्या सेटिंगमध्ये दोन्ही कार्डांवर टिक करता येते आणि रेंडर दोघांत वाटला जातो. अट अशी की दोन्ही एनव्हिडियाची किंवा दोन्ही एएमडीची हवीत. दुसरी अट मेमरीची. पूर्ण सीन प्रत्येक कार्डात मावला पाहिजे. १२ आणि ६ चे १८ इथेही होत नाहीत, आणि ६ जीबीत न मावणारा सीन आला की लहान कार्डाची टिक काढलेली बरी.

त्या १८ जीबीची हौस भागते ती अलीकडच्या एका कामात. इंजिनिअरिंगची पोरं घरीच भाषेची मॉडेलं चालवू लागली आहेत. ‘लामा डॉट सीपीपी’सारखा प्रोग्रॅम मॉडेलचे थर काढून काही या कार्डात, काही त्या कार्डात ठेवतो. एक कार्ड आपले थर संपवून निकाल दुसऱ्याकडे सरकवतं. वेग वाढत नाही, पण एका कार्डात न मावणारं मॉडेल दोघांत मावतं. हे काम सांगितलं तर मी जुनं कार्ड आनंदानं बसवतो.

आता ड्रायव्हर. एका कंपनीची दोन कार्डं म्हणजे भांडण कमी, असा समज आहे. पण विंडोजवर एनव्हिडियाच्या दोन्ही कार्डांना एकाच ड्रायव्हरनं सांभाळावं लागतं. आपल्याकडे घरोघरी विकलं गेलेलं जीटी ७१० घ्या. त्याच्या पिढीला चालणारी शेवटची शाखा ४७०, २०२१ ची. आरटीएक्स ४०६० आलं २०२३ ला. दोघांना चालेल असा ड्रायव्हरच नाही. उलट एक एएमडी, एक एनव्हिडिया असेल तर ज्याचा त्याचा ड्रायव्हर वेगळा, आणि अशा दोन ड्रायव्हरांवर विंडोज व्हिस्टानं घातलेली बंदी विंडोज ७ नं उठवल्यापासून दोघं एका घरात नांदतात.

मदरबोर्डावरचा दुसरा लांब स्लॉट पाहूनही हुरळून जाऊ नये. मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहा. बऱ्याच बोर्डांवर पितळी पिना सुरुवातीच्या थोड्या भागातच असतात, पुढे नुसतं प्लास्टिक. स्लॉट सोळा लेनचा दिसतो, वायरिंग चारच लेनचं. चार लेन ट्रेडिंगच्या स्क्रीनला पुरतात, पण फ्रेमची सतत ने-आण असेल तिथे त्या तोकड्या पडू शकतात.

विजेचा हिशेबही कागदावर करावा. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट, जीटीएक्स १६६० सुपरचे १२५, प्रोसेसरचे ६५. झाले ३६०. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच. मॉनिटर तर अजून धरलेलाच नाही. भर रेंडरमध्ये लाइट गेली की असा यूपीएस किंचाळतो आणि मशीन बंद. लोकल एसएमपीएसवर ४५० वॅट मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. खालची बारीक ओळ वाचा. १२ व्होल्टवर १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅट, आणि कार्डाचं पोट मुख्यतः त्याच लाइनवर भरतं. कन्व्हर्टर लावून कनेक्टर वाढतात, अँपिअर वाढत नाहीत.

आणि शेवटी आपलं नागपूर. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, ती हवा थंड करत नाही. लोड आल्यावर कार्ड खोलीपेक्षा चाळीस अंश वर जात असेल, तर डिसेंबरात २० च्या खोलीत ६० दिसतील आणि मे महिन्यात कूलर बंद असलेल्या ४२ च्या खोलीत ८२. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. त्यात दोन कार्डं एकाखाली एक. वरच्याचे पंखे खाली तोंड करून असतात आणि बोटभर अंतरावर खालच्याची गरम पाठ. वरचं कार्ड तीच ऊन हवा ओढत राहतं. म्हणून मी मोठं कार्ड वर, पहिल्या स्लॉटला लावतो आणि खाली जमेल तितकं बुटकं. कॅबिनेट मोठं असेल तर खालचं रायझर केबलनं बाजूला उभं करतो. दिसायला विचित्र, पण चालतं छान.

कूलरसमोर कॅबिनेट ठेवणाऱ्यांना माझं सांगणं वेगळंच असतं. ओली हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. तो नुसत्या ब्लोअरनं निघत नाही. आधी रंगाच्या कोरड्या ब्रशनं सोडवावा लागतो आणि मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंखा बोटानं घट्ट धरायचा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. दोन कार्डं असतील तर ही सफाई होळीनंतर एकदा आणि पाऊस लागल्यावर एकदा करावीच.

तेव्हा जुनं कार्ड पिशवीत घालून निघालात, तर सोबत एसएमपीएसच्या स्टिकरचा आणि मदरबोर्डच्या नावाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. दुसऱ्या कार्डाला काम कोणतं देणार ते घरूनच ठरवून या. काम सुचत नसेल तर कार्ड धाकट्या भावाच्या मशीनला लावून द्या. तिथे ते एकटंच असेल, पण दिवसभर राबेल.