अर्धा टक्का

मी कुठल्याही परीक्षेत कधी पहिला आलो नाही, पण नापासही कधी झालो नाही. पहिलीपासून ते बँकेच्या खातेअंतर्गत परीक्षेपर्यंत मधल्या बाकावरचा एक सरळमार्गी पास, एवढीच माझी कीर्ती. असा मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी, सिंहगड रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, दहा-बारा लोकांदेखत नापास झालो. तुम्ही म्हणाल, नापास तुमची गाडी झाली, तुम्ही नव्हे. पण ज्यांचा मुलगा बारावीला बसला आहे त्यांना विचारा, नापास कोण होते ते.

गाडी म्हणजे आमची २००५ सालची मारुती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेतून निवृत्त होताना आलेल्या पैशांतून ती घेतली. गणिताच्या मास्तराने आयुष्यात केलेला तेवढा एकच उधळेपणा. आता नाना अठ्ठ्याहत्तरचे आहेत, स्वतः चालवत नाहीत. पण डाव्या बाजूला बसून ब्रेक मात्र अजून तेच दाबतात. पंधरा वर्षांनी, २०२० साली, तोंडाला मास्क लावून आम्ही तिचे पुन्हा पासिंग करून आणले. पाच वर्षांची मुदत मिळाली, ती बघता बघता २०२५ साली संपत आली.

आणि नेमक्या त्याच सुमाराला, राजाराम पुलावर तिचा सायलेन्सर पडला. मागून एक स्कूटरवाला ओरडत आला, "काका, तुमचं काहीतरी पडलंय!" पुण्यात अनोळखी माणूस आपणहून काही सांगायला येतो म्हणजे प्रकार गंभीर असणार, हे मी ओळखले. उतरून पाहिले तर पुढच्या जोडापासून शेपटीपर्यंत सगळी नळी गंजून लोंबत होती.

कंपनीच्या वर्कशॉपने नव्या सायलेन्सरचा, मधल्या डब्यासकट, जो आकडा सांगितला त्या आकड्याला कोणी अख्खी गाडी मागितली असती तर मी वर चहा पाजला असता. आमचे नेहमीचे मिस्तरी मात्र शांत होते. "साहेब, कशाला? बाहेरचा टाकू."

'बाहेरचा' हा शब्द आपल्याकडे फार समजुतीचा आहे. बाहेरचे खाऊ नये, बाहेरच्याला घरात घेऊ नये, असे लहानपणापासून ऐकत आलो; पण गाडीच्या बाबतीत बाहेरचा म्हटले की निम्म्या किमतीचा, एवढाच अर्थ मनात येतो. मिस्तरी नाना पेठेतून एक काळाकुळकुळीत सायलेन्सर काखोटीला मारून आले, वेल्डिंगचे दोन टाके घातले आणि जुना धूड पाहून म्हणाले, "हे भंगार ठेवून काय करता? मी घेऊन जातो." मी म्हटले, "न्या हो, न्या." त्या दिवशी मला स्वतःचे फार कौतुक वाटले. रद्दीवाल्याच्या तराजूचा काटा डोळ्यांत तेल घालून बघणारा मी, एवढे लोखंड फुकट देऊन टाकले!

नवा सायलेन्सर बोलका निघाला. पहाटे गाडी सुरू केली की सोसायटीतली कुत्री फाटकापर्यंत पोचवायला येत. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ सभेत म्हणाले, "काही सभासदांनी वयाला शोभेल अशी वाहने वापरावीत." एकटे नाना खूश. त्यांना कानाने कमी येते आणि श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये घालून ठेवायची त्यांची पद्धत आहे. गाडी सुरू झाली की ते हसून म्हणत, "आता कशी चालू झालेली कळते!"

पासिंगला न्यायची तर पीयूसी चालू हवी. आमच्या गाडीच्या पिढीला ती दर सहा महिन्यांनी काढावी लागते; भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षाची सवलत आहे. पूर्वी मी ज्या व्हॅनवर जात असे तिथला मुलगा पाटीचा फोटो काढी, पैसे घेई आणि कागद देई. सायलेन्सरच्या तोंडात नळी घालायची असते हे मला ऐकूनच माहीत होते. आता तिथे एक नवी मुलगी आली होती. चष्मा, वेणी आणि हातात नळी.

"काका, गाडी चालू ठेवा. ॲक्सिलेटरवर पाय नको."

मला वाटले, एवढ्या आवाजाला यंत्र घाबरेल. पण पीयूसीच्या यंत्राला कान नसतात, फक्त नाक असते. मिनिटभर हुंगून त्याने आकडे दाखवले. कार्बन मोनॉक्साइड २.९ टक्के, मर्यादा ०.५. हायड्रोकार्बन ९८०, मर्यादा ७५०.

"नापास," मुलगी म्हणाली.

नानांनी काच खाली केली. "किती पडले?"

"दोन पूर्णांक नऊ, नाना. अर्धा हवा होता."

"मग जास्तच पडले की!" नाना म्हणाले.

मुलगी भली होती. म्हणाली, "थंड असेल तर आतली जाळी काम करत नाही, काका. तीनेकशे डिग्री तापावी लागते. चक्कर मारून आणा." आम्ही खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत मी पुढच्या टेम्पोच्या धुराला नाकावर रुमाल धरून शिव्या घातल्या, कारण ती माझी जुनी सवय आहे. तळजाईवर सकाळी फिरणाऱ्यांत पुण्याच्या हवेवर माझ्याइतके तळमळून कोणी बोलत नाही. परत आलो. २.८.

रांगेतल्या एका रिक्षावाल्याने हळूच सल्ला दिला, "एवढं काय घेऊन बसलात? पुढच्या चौकातल्या व्हॅनवर जावा. गाडीपण न्यायला नको, पाटीचा फोटो दाखवला की झालं."

खोटे कशाला सांगू, मी निघालोच होतो. पकडले तर दहा हजारांपर्यंत दंड तो पीयूसी नसल्याचा. इथे तर पीयूसी मिळत होती! गीअर टाकणार तोच डावीकडून नाना म्हणाले, "मी चौतीस वर्षांत पेपर न तपासता कुणाला मार्क दिले नाहीत. हिला काय होतंय ते आधी बघ."

गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी खाली शिरून मधल्या डब्यावर पाना वाजवला. ठण्ण! देवळातल्या घंटेसारखा आवाज आला.

"पोकळ आहे," ते आतूनच म्हणाले. "नुसता डबा. जाळी नाहीच."

मग त्यांनी मला शिकवणी दिली. डब्यात मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ लेप. विषारी वायू त्यातून जाताना कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचीही वाट लागते. "जुना डबा कुठाय? भंगारवाले त्याला चांगला भाव देतात. प्लॅटिनम असतं ना आत."

मी गाडीच्या बॉनेटवर बसलो.

घरी आल्यावर हिला सगळे सांगितले. प्लॅटिनमचे ऐकून ही काही बोलली नाही. (लग्नात मी हिला चांदीचे पैंजण घातले होते, एवढेच नमूद करतो.) पुढचे ऐकून मात्र म्हणाली, "अहो, म्हणजे चार महिने गॅलरीतल्या टॉवेलांना जो वास येत होता तो तुमचा?"

आमची गॅलरी पार्किंगच्या बरोबर वर आहे. त्या वासाबद्दल मी दोनदा महापालिकेला पत्र लिहिले होते. शेजारच्या मुलाच्या मोटरसायकलचा नंबरही कळवला होता. तिसऱ्या पत्राचा कच्चा खर्डा टेबलावर होता, तो मी हिची पाठ फिरताच फाडला. मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हटले, "काय रे, अभ्यास काय म्हणतोय?" तो बिचारा गेल्या वर्षीच नोकरीला लागला आहे.

बाथरूमच्या फरशीसाठी ठेवलेले पैसे काढून जाळीचा डबा आणि कंपनीचा सायलेन्सर बसवला. गाडी तापवून पंपावर नेली. मुलीने नळी घातली. ०.३.

"पास!" ती म्हणाली, आणि नानांकडे बघून हसली. "आजोबा, आता कमी पडले."

नानांनी कागद हातात घेऊन दोन्ही आकडे चष्म्याजवळ नेऊन तपासले, घडी घातली आणि खिशात ठेवला. मी गाडी सुरू करून थांबलो. मागे रिक्षा होती, ती निघायची होती. रिक्षा गेली.

"अरे, सुरू कर ना," नाना म्हणाले.

"सुरूच आहे, नाना."

"हो?" त्यांनी हात पुढे करून तळवा डॅशबोर्डवर टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "हं. आहे. चल."