पाठभेद

पाठसंपादकाच्या दृष्टीने पाठभेद हा बहुधा उपद्रवच. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेत अनेक लिपींतील हस्तलिखिते श्लोकागणिक ताडून पाहिली गेली, ती प्राचीनतम पाठाच्या शक्य तितके जवळ जाण्यासाठी. भेदांची रवानगी तळटीपांत झाली.

१९७० साली ताई ते वू आणि एल्विन काबॅट यांनी अशीच ताडणी प्रतिपिंडांची केली. वू गणिताच्या अंगाने जीवशास्त्राकडे आलेले, काबॅट मुरलेले प्रतिकारशास्त्रज्ञ. प्रतिपिंड म्हणजे रक्तातील एक प्रथिन, ॲमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्यांनी बनलेले. त्यांतील हलक्या साखळीचे उपलब्ध पाठ एकाखाली एक मांडून, प्रत्येक स्थानी किती निरनिराळी आम्ले येतात ती संख्या त्यांनी मोजली आणि तेथे सर्वाधिक वेळा येणाऱ्या आम्लाच्या प्रमाणाने तिला भागले. आलेख तीन ठिकाणी उंच उसळला. परक्या पदार्थाला प्रतिपिंड धरते ते याच ठिकाणी, हा तर्क पुढे स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासाने खरा ठरला. येथे भेदातच अर्थ होता. आणि तो हाती लागला केवळ वाचनाने!

संगणकीय प्रतिकारशास्त्रातील पीएच.डी.नंतरच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती आज अशाच वाचकाच्या शोधात असतात. ताडायचे पाठ आता लक्षावधींच्या घरात गेले आहेत. नेमणूक बहुधा दोन-तीन वर्षांची. उमेदवाराला पेशींची भाषा यावी आणि संख्याशास्त्राचीही, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु दुसरी भाषा अंगवळणी पडायला वर्षे लागतात. गणिताकडून आलेल्याला टी-पेशी आणि बी-पेशी यांतील भेदापासून आरंभ करावा लागतो. प्रयोगशाळेतून आलेला आज्ञावली लिहू लागेपर्यंत तिशी ओलांडतो. आपल्याकडील अनेक वृत्तींना ३५ किंवा ४० वर्षांची वयोमर्यादा आहे.

नील्स येर्ने यांनी १९८४ च्या आपल्या नोबेल व्याख्यानाचे शीर्षक चॉम्स्कीच्या जननशील व्याकरणावरून घेतले. शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेचा शब्दसंग्रह वस्तुतः वाक्यांचा असतो, अशी त्यांची मांडणी होती. भाषाभ्यासकांनी आवर्जून वाचावे असे ते व्याख्यान आहे. येर्ने १९११ च्या डिसेंबरात जन्मले. डॉक्टरेट मिळाली १९५१ साली. १९५४ मध्ये ते कॅलिफोर्नियात संशोधन-अधिछात्र म्हणून गेले आणि प्रतिपिंडांविषयीचा त्यांचा निवडीचा सिद्धांत १९५५ साली तेथूनच प्रसिद्ध झाला. तेथे जाताना त्यांचे वय ४२ होते. आपल्याकडे त्यांचा अर्ज छाननीतच बाजूला पडला असता.