पांढऱ्या घोड्याचे काळे बालपण

१/ व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधील शुभ्र लिपिझानर घोड्यांची चित्रे पाहताना मला एकाच गोष्टीचे नवल वाटत राहते: यांतील जवळजवळ प्रत्येक घोडा जन्मतः काळा किंवा तपकिरी असतो.

२/ वर्षागणिक केसांतील रंग ओसरत जातो आणि साधारण ६ ते १० वर्षांच्या वयात अंग दुधासारखे होते. कातडी मात्र काळीच राहते. म्हणून जाणकार या रंगाला पांढरा न म्हणता करडा म्हणतात.

३/ १५८० साली हाब्सबुर्ग घराण्यातील आर्चड्यूक चार्ल्स दुसरा याने आजच्या स्लोव्हेनियातील लिपित्सा येथे स्पॅनिश वंशाच्या घोड्यांची पैदास सुरू केली. अठराव्या शतकातही या जातीत तपकिरी, काळे, अबलख घोडे होते. राजघराण्याची पसंती शुभ्र रंगाला मिळाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत बाकीचे रंग मागे पडले.

४/ २००८ साली संशोधकांना करडेपणाचे मूळ सापडले. एसटीएक्स १७ या जनुकातील सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा या घोड्यांत दोनदा येतो. तोच बदल मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेतील गाठींचा, धोकाही वाढवतो. दरबाराने शोभा निवडली; तिचे मोल घोडे आजही चुकवीत आहेत.

५/ व्हिएन्नात परंपरेने एखादा तपकिरी घोडा शुभशकुन म्हणून राखला जातो. त्या शुभ्र रांगेत माझी नजर त्याच्यावरच खिळते. या जातीचे जुने रंग त्या रांगेत आज त्याच्याच अंगावर दिसतात.